प्रतिक्रियाकाल : वेग आणि सातत्य

कोलकात्याच्या पूर्वेस आखून-रेखून वसवलेल्या न्यू टाउनमधील एखाद्या रुंद रस्त्याच्या कडेला सत्तरीचे एक गृहस्थ उभे आहेत, अशी कल्पना करा. पादचाऱ्यांसाठीचा दिवा हिरवा होतो. ते पाऊल उचलतात, तोच वळणावरून एक दुचाकी भरधाव येते. ती दिसणे आणि पाऊल मागे घेतले जाणे, या दोहोंमध्ये सेकंदाचा लहानसा अंश जातो. इशारा मिळाल्यापासून हालचाल सुरू होईपर्यंतच्या या काळाला 'प्रतिक्रियाकाल' म्हणतात.

हा काळ मोजणे हा मानसशास्त्रातील सर्वांत जुन्या प्रयोगांपैकी एक होय. एका ठरावीक इशाऱ्याला प्रतिसाद देण्यापेक्षा अनेक इशाऱ्यांतून निवड करून प्रतिसाद देण्यास अधिक वेळ लागतो, हे नेदरलँड्समधील डाँडर्स यांनी १८६८ च्या सुमारास दाखवून दिले. भारतात प्रायोगिक मानसशास्त्राचा पाया कोलकात्यातच घातला गेला. कोलकाता विद्यापीठाने १९१६ मध्ये देशातील पहिला मानसशास्त्र विभाग सुरू केला. नरेंद्रनाथ सेनगुप्त हे त्याचे पहिले प्रमुख होते.

हा काळ तुम्हीही मोजू शकता. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याचे टोक तुमच्या उघड्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये असू द्या. मित्राने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. ती २० सेंटिमीटरवर पकडली, तर तुम्हाला सुमारे ०.२ सेकंद लागले.

आता दोघांचे पाच-पाच प्रयत्न पाहू. पहिल्याची पट्टी १९, २०, २१, २० आणि २० सेंटिमीटरवर थांबली. दुसऱ्याची १५, २७, १७, २४ आणि १७ वर. दोघांची सरासरी २० च आहे. मात्र पहिल्याच्या प्रतिसादात सातत्य आहे, तर दुसऱ्याच्या प्रतिसादात मोठे चढउतार आहेत. सरासरीमुळे हे चढउतार झाकले जातात. रस्त्यावर मात्र सरासरी उपयोगी पडत नाही. तिथे एकच उशिरा झालेला प्रतिसाद घातक ठरू शकतो.

ब्रिटनमध्ये १९८४-८५ साली झालेल्या आरोग्य-पाहणीत सात हजारांहून अधिक प्रौढांचा प्रतिक्रियाकाल मोजला गेला. साधा प्रतिक्रियाकाल पन्नाशीपर्यंत फारसा वाढत नाही. निवड करावी लागली, तर मात्र तो तरुणपणापासूनच हळूहळू वाढत जातो, असे त्यातून दिसले. उतारवयात चढउतारही वाढतात. अमेरिकेतील प्रौढांच्या दीर्घकालीन अभ्यासात, ज्यांचे प्रतिसाद मंद व अस्थिर होते, त्यांच्यात पुढील वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ अस्थिरता हे मृत्यूचे कारण आहे, असा नव्हे. मेंदू आणि शरीर यांच्या एकंदर आरोग्याची ती एक खूण असू शकते.

म्हणून एका दिवसाच्या मोजणीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. अपुरी झोप, थकवा, मद्य आणि काही औषधे यांमुळे तरुणांचेही प्रतिसाद अस्थिर होतात. दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा स्वतःच्या पूर्वीच्या नोंदींशी तुलना करणे अधिक योग्य. दैनंदिन व्यवहारात सतत बदल जाणवू लागला, तर मात्र 'वयच झाले' असे म्हणून गप्प न बसता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना गरज आहे ती थोड्या अधिक वेळाची. तो वेळ त्यांना देणे, हे वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.