सतरा सेंटिमीटरची मोटार

मैत्रिणींनो, दिवाळीची सुटी लागली की मुलांना कशात गुंतवायचं, हा प्रश्न तुमच्याही घरी असेलच. किल्ला काय, दोन दिवसांत होतो. मावळे मांडले, हळीव पेरले, की चिरंजीव मोकळे! मग हातात मोबाईल येतो आणि आपली कटकट सुरू होते. गेल्या दिवाळीत आमच्याकडे मात्र किल्ल्याच्या जोडीला एक मोटारही तयार झाली. खरी नव्हे हो! जेवणाच्या टेबलावर मावेल अशी, सतरा सेंटिमीटरची. पण ती करताना मी आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा जे शिकलो, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

त्याचं असं झालं. माझा भाऊ कामानिमित्त जपानला गेला होता. येताना त्याने भाच्यासाठी एक खोका आणला. वर फोक्सवॅगन बीटलचं, म्हणजे त्या कासवाच्या पाठीसारख्या टपाच्या जुन्या मोटारीचं सुरेख चित्र. उघडून पाहतो तर आत मोटार नाहीच! प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले ढीगभर तुकडे आणि एक चित्रांचा कागद. खोका गेला माळ्यावर, तो वर्षभर तिथेच. कारण त्याआधी असंच एक लहान किट मुलाने उत्साहाने उघडलं होतं, सगळे तुकडे एकदम तोडले होते, कुठला कुठे लागतो ते कळेना म्हणून डब्यात भरून ठेवलं होतं. ‘एक काम धड तडीला नेत नाहीस!’ हे माझं वाक्य त्याला आता पाठ झालं आहे.

या दिवाळीला भाऊबीजेला मामा येणार होता. ‘खोक्याचं काय केलंत?’ असं विचारलं तर काय सांगायचं? म्हणून मीच खोका खाली काढला. म्हटलं, चल, आपण दोघं मिळून करू.

हे आहे तरी काय?

खऱ्या मोटारीची प्रत्येक लांबीरुंदी एकाच प्रमाणात कमी करून केलेली ही प्रतिकृती. खोक्यावर १:२४ असं लिहिलेलं असतं. म्हणजे मोटारीतलं सारं खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याचं. खरी बीटल चार मीटरहून थोडी लांब, म्हणून ही सतरा सेंटिमीटरची. पाच फूट उंचीची बाई हिच्याशेजारी उभी करायची तर ती अडीच इंचांची हवी!

तुकडे पॉलिस्टायरिन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. पातळ केलेलं प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबून भरतात. ते ज्या वाटांनी आत जातं, त्या वाटांचीच ती चौकट होते. तिला स्प्रू म्हणतात. डहाळीला कैऱ्या लटकाव्यात तसे तुकडे तिला लटकलेले असतात आणि प्रत्येकाजवळ नंबर असतो.

हा छंद काही आजचा नाही. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती केली, तीही विक्रेत्यांना गिऱ्हाइकांना दाखवता यावी म्हणून. आमचं किट ज्या तामिया कंपनीचं, ती जपानमधल्या शिझुओका शहरातली. १९४६ साली तिची सुरुवात झाली ती लाकडाच्या धंद्यातून. पुढे लाकडी प्रतिकृती आल्या आणि १९६० साली प्लॅस्टिकचं पहिलं किट, ‘यामातो’ या युद्धनौकेचं.

हात आपलेच आहेत

तुम्ही म्हणाल, ही पुरुषांची कामं, आपल्याला कुठे जमायची? मलाही तसंच वाटलं होतं. पण खरं सांगू? ज्या हाताला करंजीची मुरड घालता येते, मेंदीच्या कोनाची बारीक रेघ ओढता येते, त्या हाताला हे काम परकं नाही. ब्लाउज शिवताना आपण आधी कच्चा टाका घालून अंगावर बेतून पाहतो ना? इथेही तसंच. गोंद लावण्याआधी दोन तुकडे कोरडेच जुळवून पाहायचे. बसत नसतील तर कुठे अडतं ते बघायचं, तेवढंच घासायचं. या एका सवयीने निम्म्या चुका टळतात.

पहिलं किट कसं निवडाल?

पहिल्या खेपेला इंजिन, दारं, बॉनेट सगळं उघडणारं किट घेऊ नका. बाहेरचा सांगाडा, आतल्या सीटा आणि चाकं एवढंच असलेलं, एकाच रंगात शोभणारं घ्या. शर्यतीच्या मोटारी दिसायला झोकदार, पण त्यांचे पट्टे आणि डझनावारी चिकटचित्रं नवशिक्याला रडवतात. मूल लहान असेल, तर गोंदाशिवाय नुसतं दाबून बसणारं किट मिळतं, ते बरं. परदेशी किट स्वस्त नसतं. एका बऱ्यापैकी साडीचे पैसे पडतात. म्हणून एकच घ्या आणि पुरं करा.

घरातलंच साहित्य

फार काही विकत आणावं लागत नाही. तुकडे तोडायला बारीक तोंडाचं कटर उत्तम. नसेल तर चांगलं धारदार नेलकटरही चालतं. भुवयांचा चिमटा, एक जुना टूथब्रश, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि एक मोठा बटाटा, हे सगळं घरात असतंच. बटाटा कशाला? रंगवलेले बारीक तुकडे टूथपिकला अडकवून बटाट्यात टोचून ठेवले की छान वाळतात. हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर आणा. प्लॅस्टिक मॉडेलचा गोंद, प्रायमर आणि रंग मात्र छंदाच्या वस्तूंच्या दुकानातूनच घ्यावेत.

कृती

पहिल्या दिवशी काहीच तोडू नका! चित्रांचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत दोघांनी मिळून वाचा. मग चौकटी कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशने हलकेच धुवा. साच्याचा तेलकटपणा गेला नाही तर रंग धरत नाही. पाणी कढत नको, तुकडे वाकतात. खाली चाळणी ठेवा, म्हणजे एखादा सुटलेला तुकडा मोरीत जाणार नाही.

जो तुकडा लागेल तेवढाच तोडा. एकदम कडेला कापू नका. आधी दोन मिलिमीटर दांडी ठेवून तोडा, मग उरलेली दांडी बेताने कापा आणि वॉटर पेपरने घासा. घाईने कडेला कापलं की तुकड्याचाच लचका निघतो.

या गोंदाची गंमत कळली की काम सोपं होतं. तो आपल्या फेव्हिकॉलसारखा मध्ये बसून चिकटवत नाही. तो प्लॅस्टिक जरासं विरघळवतो आणि दोन्ही कडा एकजीव होतात. म्हणून तुकडे जुळवून धरायचे आणि झाकणाच्या ब्रशने फटीला नुसता टेकवायचा, पातळ गोंद आपोआप आत ओढला जातो. रंगवलेल्या किंवा चांदीसारख्या चकचकीत भागावर तो धरत नाही. तिथे जोडाच्या जागचा मुलामा आधी खरवडावा लागतो.

बाहेरच्या सांगाड्याचा रंग सगळ्यात आधी उरकून घ्या. त्याला वाळायला दिवस लागतात, तोवर सीटा आणि चाकं होतात. आधी प्रायमर, तो वाळला की १००० नंबरच्या ओल्या पेपरने हलका हात, मग रंग. स्प्रेचा डबा वीतभर लांब धरा. फवारा मोटारीच्या अलीकडे सुरू करा आणि पलीकडे थांबवा. पहिला हात इतका विरळ की खालचं दिसावं. मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून असे तीन हात द्या. एकाच हातात दाट रंग मारलात तर ओघळ आलाच म्हणून समजा. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, तेव्हा मुंबई-कोकणातल्या मैत्रिणींनी पावसाळ्यात हे काम काढू नये. दिवाळीची कोरडी हवा त्याला उत्तम.

आम्ही वसुबारसेच्या आधीच, भर दुपारी गच्चीवर जाऊन रंग मारून आलो. फिकट निळा. सांगाडा एका बाटलीवर उपडा घातला होता. मुलाने तिसरा हात मारला आणि म्हणाला, “आई, हात लावून बघू?” मी म्हटलं, “खबरदार!” ती रात्र आम्ही दोघांनी कशी काढली, आम्हालाच ठाऊक.

आणि मी घाई केली

सीटा झाल्या, स्टिअरिंग झालं, रबरी टायर चाकांवर चढले. या सगळ्या दिवसांत एक गोष्ट झाली, ती सांगायलाच हवी. एकदा आम्ही दोघं टेबलाशी बसून वॉटर पेपर घासत होतो. बराच वेळ कोणी बोललं नव्हतं. मान वर न करता मुलगा म्हणाला, “आई, सहामाहीचा गणिताचा पेपर मिळालाय. मी दप्तरात लपवून ठेवलाय.” एरवी माझा पट्टा सुरू झाला असता. पण माझ्याही हातात बंपर होता, नजर त्यावर होती. मी एवढंच विचारलं, “किती?” त्याने सांगितलं. “पाडव्यानंतर बसू,” मी म्हटलं, आणि आम्ही घासत राहिलो. समोर बसवून विचारलं असतं, तर तो बोलला असता का? मला नाही वाटत.

आता माझा पराक्रम ऐका. भाऊबीजेची आदली रात्र. काचा तेवढ्या बसायच्या होत्या, पण मुलगा झोपला होता. माझ्या मनात एकच, उद्या भावाला पुरी झालेली मोटार दाखवायची. कागदावर लिहिलेलं वाचायचा कंटाळा केला, खणातला झटपट चिकटणारा गोंद काढला आणि पुढची काच चिकटवून मोकळी झाले. सकाळी पाहते तर काय! काचेवर आतून पांढरं धुकं दाटलेलं. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि पांढरा थर धरते. काच फुटली असती तरी इतकं वाईट वाटलं नसतं. दुसरी काच कुठून आणायची?

मुलगा उठला, त्याने पाहिलं. मी वाट पाहत होते की आता माझंच वाक्य मला ऐकवेल. तो काही बोलला नाही. कापसाची काडी आणि टूथपेस्ट घेऊन आला आणि आतून हलक्या हाताने गोल गोल घासू लागला. तासाभराने बरंचसं धुकं गेलं. एका कोपऱ्यात राहिलं ते राहिलंच. मग म्हणाला, “असू दे आई. महाबळेश्वरला जाऊन आलीय असं सांगू.”

मी हसले खरी, पण डोळे भरून आले. याच मुलाला मी धरसोड्या म्हणत होते!

मागची काच त्याने मला समजावून सांगत बसवली. पारदर्शक भागांना साधा पांढरा फेव्हिकॉलच लावायचा, टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा. तो वाळला की दिसत नाही आणि सांडला तर ओल्या काडीने पुसता येतो. जो गोंद बाकी मोटारीला कुचकामी, तोच काचेला योग्य!

भाऊ आला तेव्हा मोटार अर्धवटच होती. चाकं बसायची होती, नंबर प्लेटची चिकटचित्रं लावायची होती. मला ओशाळवाणं झालं. पण तो ओवाळून घेऊन पाटावरून उठला तो सरळ टेबलाशी. मामा-भाचे चिकटचित्रं पाण्यात भिजवत बसले. ती कागदावरून अलगद सरकायला लागेपर्यंत थांबायचं, नखाने उकरायचं नाही. ‘जेवायला चला’ म्हणून मी तीनदा हाका मारल्या. मोटार तयार असती, तर भावाने पाच मिनिटं पाहून शोकेसमध्ये ठेवली असती, नाही का?

हे जरूर पाळा

१. स्प्रेचा डबा आणि गोंद ज्वालाग्राही असतात. गॅस, निरांजन, पणत्या, उदबत्ती, कशाच्याही जवळ उघडू नका. दिवाळीत तर दुप्पट काळजी घ्या.

२. रंग उघड्या हवेत, तोंडाला मास्क लावून मारा. गोंद लावताना खिडकी उघडी हवी.

३. धारदार पात्याचं काम मोठ्यांनी करावं. पातं नेहमी बोटांपासून दूर चालवा.

४. बारीक तुकडे रांगत्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. टेबलावर जुनी पांढरी चादर घाला, पडलेला तुकडा चटकन दिसतो.

५. रंग हाताला कोरडा लागला, तरी आतून ओला असतो. एक रात्र थांबा. शंका आली तर आणखी एक रात्र थांबा.

६. मुलाच्या हातातून काम काढून घेऊ नका. वाकडं बसलं तर वाकडं राहू द्या.

आमची निळी बीटल आता शोकेसमध्ये, हळदीकुंकवाच्या चांदीच्या करंड्याशेजारी उभी आहे. डावा बंपर जरासा तिरका आहे, तो मुलाचा. काचेच्या कोपऱ्यातलं धुकं माझं. माळ्यावरच्या डब्यातलं ते जुनं, अर्धवट किट त्याने परवा आपणहून खाली काढलं. कुठला तुकडा कुठे लागतो, ते शोधतो आहे. मी विचारायला गेले नाही. वॉटर पेपरचा तुकडा घेऊन शेजारी बसले.

तुम्हीही करून पाहा. आणि तुमच्या पहिल्या मोटारीचं काय बिघडलं, ते आम्हाला जरूर कळवा!