बारदानावरचे शहर

नगरच्या आडते बाजारात ज्याचे बालपण गेले, त्याला कलकत्ता नकाशावर शोधावे लागत नसे. ते घरच्या वखारीतच थप्पी लावून ठेवलेले असे. तागाच्या नव्या बारदानाची गाठ सोडली, की तिच्यातून रॉकेलसारखा एक तेलकट वास उठे. ताग मऊ पडावा म्हणून गिरणीत त्यावर जे तेल मारतात, त्याचा तो वास. हुगळीच्या काठी रिश्रा येथे १८५५ साली देशातील पहिली ताग गिरणी सुरू झाली आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे महाराष्ट्रातील ज्वारी, तूर, हरभरा त्या नदीकाठच्या गोणीत भरला गेला. बाजारातील एका धान्य व्यापाऱ्याच्या लेखी कलकत्ता म्हणजे हा वास. बाकी काही नाही.

१९८५ च्या जानेवारीत मात्र त्यांना प्रत्यक्ष जावे लागले. मागविलेल्या बारदानात बऱ्याच गोण्या विरलेल्या निघाल्या होत्या. पत्रोपत्री निकाल लागेना, तेव्हा वडिलांनी चोवीस वर्षांच्या या मुलाला हिशेब मिटविण्यासाठी धाडले. मनमाडहून हावडा मेल धरायची, चार दिवसांत काम उरकून परतायचे, असे ठरले होते. ते परतले अकराव्या दिवशी.

हिशेब दुसऱ्याच दिवशी मिटला. उरलेल्या दिवसांत या तरुणाने काय केले, तर शहर पाहिले. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, २४ ऑक्टोबर १९८४ रोजी, देशातील पहिली भुयारी रेल्वे तेथे सुरू झाली होती. एस्प्लनेड ते भवानीपूर, साडेतीन किलोमीटरही नव्हे. या मार्गावर ते एका दुपारी तीन वेळा गेले आणि तीन वेळा परत आले. कॉलेज स्ट्रीटच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात उकिडवे बसून त्यांनी बी.कॉम.च्या अभ्यासक्रमातील एक पुस्तक पुन्हा विकत घेतले, आणि या वेळी ते परीक्षेची धास्ती नसताना वाचले. पहाटे हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावर झेंडूचे डोंगर उतरताना पाहिले. नट-बोल्ट न वापरता केवळ रिव्हेटांवर जोडलेला, साडेसव्वीस हजार टन पोलादाचा तो पूल १९४३ पासून उभा आहे. त्याखाली उभे राहिले, की वरून जाणाऱ्या गर्दीचा सतत घुमणारा आवाज येतो.

बडाबाजारातील गाद्यांवर त्यांना परके वाटले नाही. कटऱ्यांमधून तीच मारवाडी बोली, तीच लाल वही, ‘बासा’ नावाच्या खानावळीत तीच गरम फुलक्यांची पंगत. बंगालशी ओसवालांचे नाते तसे जुनेच. मुर्शिदाबादचे जगतशेठ घराणे ओसवाल जैनांचे. आजच्या स्टेट बँकेचे मूळही याच शहरात, १८०६ च्या बँक ऑफ कलकत्तामध्ये आहे. पैशाची शिस्त आणि संध्याकाळच्या बिनकामाच्या गप्पा एकाच रस्त्यावर नांदू शकतात, याचे मात्र नगरच्या मुलाला नवल वाटले. नगरच्या बाजारात दुकान वाढविल्यावर माणसे घरी जात. येथे ती मातीच्या भांडातला चहा घेत रात्रीपर्यंत उभी राहत.

ज्याच्याशी हिशेबाचा वाद घालायला ते गेले होते, त्याच व्यापाऱ्याने त्यांना भागीदारी देऊ केली. त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. उत्तर तारेने आले. हंगाम चालू आहे, निघून या, एवढाच मजकूर. ते निघून आले. घरात तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

पुढे त्यांच्या आणखी नऊ वाऱ्या झाल्या. बारदान जागेवर बसून मिळू लागले, खासगी मालासाठी प्लास्टिकच्या विणीव गोण्या आल्या, तरी कलकत्त्याचे काही ना काही काम निघत राहिले. पत्नीने त्या शहराचे नाव ‘सवत’ ठेवले होते. घरात सारे हसत, तीही हसे.

डिसेंबर २०२४ मध्ये दोघे सम्मेदशिखरजीच्या यात्रेस निघाली, तेव्हा तिनेच क्रम ठरविला. “आधी पहाड, मग तुमचे कलकत्ते.” नगरहून आझाद हिंद एक्स्प्रेस, शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना, आणि मग सुजलेली पावले घेऊन पारसनाथ स्थानकावरून हावडा.

पूर्वेचा सूर्य आधी मावळतो, ही भूगोलाच्या पुस्तकातील गोष्ट चौविहार पाळणाऱ्याला पोटाने कळते. नगरला डिसेंबरात सहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त कलकत्त्यात पाचच्या आतच उरकतो. पहिल्या दिवशी बासावर पोहोचेतो पावणेपाच झाले आणि अर्ध्या ताटावरून उठावे लागले. दुसऱ्या दिवसापासून चारलाच पाने मांडली गेली; बासावाल्याला त्यात नवीन काही नव्हते. पुचक्यात बटाटा, रस्त्यावर मासळी, पण नोलेन गुडाचा संदेश मात्र निःशंक. खजुरीच्या रसाचा हा गूळ हिवाळ्यातच मिळतो. तिने तो दोनदा मागून घेतला.

यजमानांनी तिला सारे दाखविले. मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या खालून धावू लागलेली मेट्रोही. नदीखालचे अंतर पाऊण मिनिटाचे. तिने डोळे मिटून नवकार म्हणायला सुरुवात केली, आणि चौथा सुरू होण्याआधी नदी संपली.

बडाबाजारात मात्र ती मध्येच थांबली. डोक्यावर कापडाच्या गाठी घेतलेले हमाल अरुंद गल्लीतून वाट मागत पळत होते. त्यांतला एक तिच्या सासऱ्यांच्या वयाचा असेल. हातरिक्षा समोर उभी राहिली, तेव्हा दुखऱ्या पायांनिशी तिने बसायला नकार दिला आणि चालत निघाली. “चाळीस वर्षांत या माणसांविषयी तुम्ही कधी बोलला नाहीत,” ती म्हणाली. ते खरे होते. ते नेहमी हिवाळ्यात गेले होते, नेहमी आठवडाभरासाठी. गुडघाभर पाणी साचलेली गल्ली, जूनमधला घाम, भाड्याची अंधारी खोली यांतले काहीच त्यांच्या खात्यावर पडले नव्हते. पाहुण्याच्या वहीला बहुधा जमेचीच बाजू असते.

शेवटच्या आदल्या दिवशी दोघे माणिकतळ्याजवळच्या पारसनाथ मंदिरात गेली. रायबहादूर बद्रीदास या जव्हेऱ्याने १८६७ साली बांधविलेले हे मंदिर मुळात दहावे तीर्थंकर शीतलनाथ यांचे. आरशाच्या तुकड्यांनी मढविलेल्या भिंती, रंगीत काचा, झुंबरे, आणि स्थापनेपासून तेवत असल्याचे सांगितला जाणारा अखंड दीप. ती मंदिरमार्गी घरातली. बराच वेळ आत बसली. ते स्थानकवासी; मस्तक लववून बाहेर बागेतल्या बाकावर येऊन बसले. काही वेळाने ती शेजारी येऊन बसली आणि तिने विचारले,

“तेव्हा पत्र कोणाला लिहिले होते?”

“वडिलांना.”

“मला का नाही?”

१९८५ साली तिच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती, मांडीवर सहा महिन्यांची मुलगी होती. पतीला परमुलुखात भागीदारी मिळत होती आणि ती त्यांनी सोडली, हे तिला सासूबाईंकडून, दळण निवडताना कळले होते. यजमानांना उत्तर सुचले नाही. तिचे मत विचारायला हवे होते, हे त्या काळी त्यांच्या ध्यानातही आले नव्हते, आणि आता तसे सांगणे अधिकच लागले असते. त्या पिढीतल्या पुष्कळ घरांत असेच झाले आहे.

दुसऱ्या सकाळी एस्प्लनेडहून दोघे ट्राममध्ये बसली. १८७३ साली घोड्यांनी ओढली जाणारी आणि १९०२ पासून विजेवर चालणारी ही गाडी आता अखेरच्या घटका मोजते आहे. मैदानाकडचा एक वारसा मार्ग ठेवून बाकीचे बंद करण्याचा मनोदय शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. लाकडी बाकावर खिडकीशी ती बसली होती. गाडी सायकलच्या वेगाने चालली होती. बऱ्याच वेळाने, बाहेर पाहतच, ती म्हणाली, “आले असते मी.”

परतीच्या प्रवासात दोघे फारसे बोलली नाहीत. नागपूर गेल्यावर तिने डबा उघडला, उरलेला संदेश निम्मा त्यांच्या हातावर ठेवला आणि पुढच्या वेळी उन्हाळ्यात जायचे म्हणाली.

“उन्हाळ्यात? तिथे उन्हाळ्यात माणसाला राहवत नाही.”

“राहणारे राहतातच ना,” ती म्हणाली. “चातुर्मासाच्या आधी जाऊन येऊ.”

मे महिन्याची तिकिटे त्यांनी निघण्याच्या साठ दिवस आधी, आरक्षण खुले झाले त्याच सकाळी काढली. गाडी तीच, आझाद हिंद. खालची दोन्ही आसने मिळाली.