विद्यापीठीय व महाविद्यालयीन ग्रंथालये : उपलब्धतेकडून उपयोगाकडे

गोषवारा :

गेल्या तीन दशकांत भारतातील उच्च शिक्षण संस्थांना उपलब्ध होणाऱ्या वाचनसाहित्यात फार मोठी वाढ झाली आहे. मात्र साहित्य उपलब्ध होणे आणि ते विद्यार्थी व प्राध्यापकांच्या उपयोगात येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंतील अंतर कमी करण्याचे काम ग्रंथपालाच्या मार्गदर्शनातून कसे घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला समोर ठेवून केले आहे.

प्रस्तावना :

ग्रंथालयाला विद्यापीठाचे हृदय म्हणण्याची प्रथा आहे. हृदयाचे कार्य रक्त साठविणे हे नसून ते शरीरभर फिरविणे हे होय, ही बाब मात्र या उपमेचा वापर करताना बहुधा विसरली जाते. ग्रंथालयाचे मूल्यमापन करताना ग्रंथसंख्या, नियतकालिकांची संख्या, इमारतीचे क्षेत्रफळ व संगणकांची संख्या यांची नोंद घेतली जाते. वाचकाला हवे ते साहित्य मिळाले काय, मिळाले असल्यास त्याचा उपयोग त्याला करता आला काय, हे प्रश्न मागे पडतात.

डॉ. एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. तत्पूर्वी ते गणिताचे अध्यापक होते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पंचसूत्रीचा रोख प्रारंभापासूनच साठ्याकडे नसून उपयोगाकडे आहे. ग्रंथ वापरले जावेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक लाभावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे याचे भान ठेवावे, असा या सूत्रांचा आशय आहे. कपाटांची जागा संगणकाच्या पडद्याने घेतल्यानंतरही ही सूत्रे तितकीच लागू पडतात.

उपलब्धतेची वाटचाल :

कोठारी आयोगाने (१९६४-६६) विद्यापीठाने ग्रंथालयावर दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्यामागे सुमारे २५ रुपये व प्रत्येक शिक्षकामागे ३०० रुपये खर्च करावेत, असा मापदंड सुचविला होता. त्या काळी प्रश्न प्रामुख्याने ग्रंथखरेदीचा होता. एखादे परदेशी नियतकालिक मोजक्या विद्यापीठांतच येत असे व जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्राध्यापकाला त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागे.

ही स्थिती पालटण्यास इन्फ्लिबनेट केंद्राचा मोठा हातभार लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा प्रकल्प म्हणून १९९१ मध्ये सुरू झालेले हे केंद्र १९९६ मध्ये स्वायत्त आंतरविद्यापीठीय केंद्र झाले. २०१० मध्ये सुरू झालेल्या एन-लिस्ट योजनेमुळे ई-नियतकालिके व ई-ग्रंथ महाविद्यालयांपर्यंत पोहोचले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले आणि त्यातून ‘शोधगंगा’ हे भांडार उभे राहिले. आज देशातील लाखो प्रबंध तेथे विनामूल्य वाचता येतात.

याच वाटचालीतील पुढचा टप्पा म्हणजे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था असे तिचे मंजुरीच्या वेळचे स्वरूप होते. केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र शासनाच्या संशोधन संस्था यांच्यासाठी ही योजना आखण्यात आली. महाराष्ट्रातील बहुतांश अनुदानित महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांनी चालविलेली आहेत, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. आपले महाविद्यालय कोणत्या योजनेत येते व त्यातून नेमके काय वाचावयास मिळते, याची माहिती विद्यार्थी व सहकाऱ्यांना देणे हे ग्रंथपालाचे पहिले कर्तव्य ठरते.

अंतर कोठे पडते? :

प्रथम वर्षात प्रवेश घेणारा ग्रामीण भागातील विद्यार्थी बहुधा घरातील पहिलाच पदवीचा विद्यार्थी असतो. त्याने शाळेत पाठ्यपुस्तक पाहिलेले असते, संदर्भग्रंथ पाहिलेला नसतो. तालिका कशी पाहावी, ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या सूचीचा उपयोग काय, नियतकालिकातील लेख व वृत्तपत्रातील लेख यांत फरक कोणता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. देवघेव खिडकीपाशी चिठ्ठी देऊन पुस्तक मागण्याची पद्धत असल्यास ज्याचे नाव ठाऊक आहे तेवढेच पुस्तक तो मागू शकतो. मुक्तद्वार पद्धतीत तो कपाटापाशी उभा राहतो आणि शोधत असलेल्या ग्रंथाशेजारचा ग्रंथ त्याच्या दृष्टीस पडतो. वर्गीकरणाचा खरा लाभ येथेच होतो.

दुसरे अंतर भाषेचे आहे. वर्गणीतून मिळणारी बहुतेक नियतकालिके इंग्रजीत आहेत. मराठीतील साहित्य शोधताना वेगळीच अडचण येते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी प्रबंध जुन्या संगणकीय टंकांत अक्षरजुळणी करून तयार झाले. त्यांच्या पीडीएफ प्रती पडद्यावर मराठीत दिसतात, परंतु शोधयंत्राला त्यांतील शब्द ओळखता येत नाहीत. काही शीर्षके रोमन लिपीत नोंदलेली आढळतात. परिणामी प्रबंध अस्तित्वात असूनही विद्यार्थ्याला तो सापडत नाही, आणि ‘या विषयावर मराठीत काहीच काम झालेले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष तो काढतो.

तिसरी बाब अभ्यासिकेची. अनेक महाविद्यालयांत वाचन कक्ष सकाळपासून भरलेला दिसतो. तेथील विद्यार्थी मुख्यतः स्पर्धा परीक्षांची स्वतःची पुस्तके घेऊन बसतात. घरी शांत जागा व पुरेसा उजेड नसलेल्या विद्यार्थ्यासाठी ही सेवा मोलाची आहे आणि ती दिलीच पाहिजे. तथापि, भरलेल्या खुर्च्या म्हणजे ग्रंथसंग्रहाचा उपयोग नव्हे, हे भान ठेवणे आवश्यक आहे.

विद्यार्थ्यांसाठी वाचक प्रशिक्षण :

हे अंतर कमी करण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे वाचक प्रशिक्षण. वर्षारंभी एकदा ग्रंथालय दाखविणे पुरेसे नाही. विद्यार्थ्याला जेव्हा प्रकल्प किंवा निबंध लिहावयाचा असतो, त्याच वेळी हे शिक्षण त्याला उपयोगी पडते. एक उदाहरण घेऊ. एम.ए.च्या विद्यार्थ्याला मराठवाड्यातील पाणलोट विकासावर प्रकल्प करावयाचा आहे. ग्रंथपालाने त्याला पुढील क्रम शिकवावा. प्रथम विषयाच्या संज्ञा मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहून काढाव्यात : पाणलोट, जलसंधारण, मृदसंधारण, वॉटरशेड. नंतर मराठी विश्वकोशातून संकल्पनांची ओळख करून घ्यावी. त्याची सुलभ मराठी मांडणी इंग्रजी लेख वाचण्याची पूर्वतयारी ठरते व तो संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यानंतर ग्रंथालयाची तालिका पाहावी आणि शोधगंगेत देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत शोध घ्यावा. एक चांगला प्रबंध सापडला की त्याच्या संदर्भसूचीतून पुढील दहा वाटा मिळतात. जे साहित्य आपल्याकडे नाही ते आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागविता येते.

अलीकडे विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांना प्रश्न विचारतात. ही साधने कधी कधी अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भही खऱ्यासारखे देतात. दिलेला प्रत्येक संदर्भ तालिकेत किंवा नियतकालिकाच्या अंकात प्रत्यक्ष पडताळून पाहण्याची सवय लावणे, हे आता वाचक प्रशिक्षणाचे आवश्यक अंग झाले आहे.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचा विचार येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी साहित्याचे सुलभ स्वरूपात रूपांतर करण्यास मुभा दिली. २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम संमत झाला आणि त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. कायद्याने दिलेली ही मुभा ग्रंथालयातील कोणीतरी प्रत्यक्ष वापरली, तरच परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक पडते.

प्राध्यापक व संशोधकांसाठी सेवा :

प्राध्यापकांचा ग्रंथालयाशी संबंध केवळ ग्रंथ निवडीच्या यादीपुरता राहू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या समानतेस दंड नाही. त्यापुढे ४० व ६० टक्के अशा मर्यादांनुसार कारवाईची तीव्रता वाढते. समानता मोजणारी संगणकप्रणाली केवळ शब्दांचा मेळ घालते. अवतरण योग्य प्रकारे दिले आहे काय, हे माणसालाच पाहावे लागते. म्हणून टक्केवारीचे प्रमाणपत्र देण्यापूर्वी, लेखनाच्या टप्प्यावरच संदर्भ देण्याची पद्धत शिकविणारा ग्रंथपाल संशोधकाला अधिक साहाय्यभूत ठरतो.

अध्यापनासाठी छायाप्रती पुरविण्याचा प्रश्नही असाच आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ व त्याच्या आवारातील छायाप्रत केंद्राविरुद्ध दावा दाखल केला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने काही मुद्द्यांच्या तपासणीसाठी दावा परत पाठविला, तथापि अध्यापनाच्या प्रयोजनासाठी आवश्यक तेवढ्या भागाच्या प्रती काढता येतात हे तत्त्व मान्य केले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. महागडे ग्रंथ विकत घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा आहे. तो ठाऊक नसलेले ग्रंथालय भीतीपोटी सेवा नाकारते, किंवा मर्यादा न पाळता संपूर्ण ग्रंथाच्या प्रती काढू देते. दोन्ही गोष्टी अयोग्य होत.

निष्कर्ष व शिफारसी :

वरील विवेचनावरून असे दिसते की, उपलब्धतेचा प्रश्न पूर्णतः सुटलेला नसला तरी उच्च शिक्षणातील ग्रंथालयांसमोरील मुख्य प्रश्न आता उपयोगाचा आहे. तो केवळ यंत्रसामग्रीने सुटणारा नाही. त्या दृष्टीने पुढील शिफारसी कराव्याशा वाटतात.

१) वाचक प्रशिक्षणाचे तास वेळापत्रकात असावेत व ते विषयशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून घ्यावेत.
२) प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ई-साहित्याच्या प्रवेशाची माहिती ग्रंथालय ओळखपत्रासोबतच द्यावी.
३) मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत व शीर्षक दोन्ही लिपींत नोंदवावे.
४) ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांना केवळ ग्रंथ लावण्याचे काम न देता नव्या वाचकांना साहाय्य करण्याचे प्रशिक्षण द्यावे.
५) वाचकाने मागितलेले परंतु न मिळालेले साहित्य स्वतंत्र नोंदवहीत लिहावे आणि ग्रंथालय समितीच्या प्रत्येक बैठकीत ती वाचावी.
६) ग्रंथपालांची रिक्त पदे वेळेवर भरावीत.

यांपैकी पाचवी शिफारस अमलात आणण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. दाखल नोंदवहीवरून ग्रंथालयात काय आहे ते समजते, तर या नोंदवहीवरून वाचकाला काय हवे होते ते समजेल. या दोन नोंदवह्या शेजारी ठेवून पाहणारे ग्रंथालय आपल्या विद्यार्थ्यांच्या व प्राध्यापकांच्या खऱ्या गरजेपर्यंत पोहोचू शकेल.