सरळ, पण कशाला सरळ?

खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून झाली, झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला, की वर्कशॉपमध्ये एक काम हटकून मागे उरतं. सफाईसाठी मिलिंग मशीनच्या टेबलावरून उतरवलेला व्हाइस पुन्हा जागेवर बसवायचा. ते तीस-चाळीस किलोचं धूड दोघांनी उचलून ठेवणं सोपं. सरळ बसवणं वेगळं.

भोसरीतल्या एका टूलरूममध्ये मी अप्रेंटिस होतो. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच पाळीला हे काम माझ्या गळ्यात पडलं. आयटीआयत व्हाइसच्या भागांची नावं पाठ केली होती, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. टेबलाच्या कडेला गुण्या धरला, व्हाइसचा जॉ, म्हणजे जबडा, त्याला भिडवला, बोल्ट आवळले आणि तीनशे मिलिमीटर लांबीच्या एका पट्टीत स्लॉट मारला. पट्टी तपासणीला गेली तशी परत आली. स्लॉट एका टोकापेक्षा दुसऱ्या टोकाला 0.2 मिलिमीटर कडेकडे सरकला होता. मेस्त्रींनी पट्टी उजेडात धरली आणि विचारलं, "सरळ लावला म्हणतोस, पण कशाला सरळ?"

या प्रश्नातच सगळं आहे. मिलिंगमध्ये कटर जागच्या जागी फिरतो आणि टेबल सरकतं. म्हणजे स्लॉट जातो तो टेबलाच्या सरकण्याच्या दिशेने. टेबलाची कड कशी आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जुन्या मशीनची कड तर ठोके खाऊन, रंगाचे थर चढून कधीच बिघडलेली असते. व्हाइस लावायचा तो टेबलाच्या चालीला. डोळ्याला ही चाल दिसत नाही. गुण्यालाही नाही.

हिशेब करून पाहा. चांगला व्हर्नियर कोनमापक 5 मिनिटांपर्यंतचा कोन वाचतो. दीडशे मिलिमीटरच्या जॉवर 5 मिनिटं म्हणजे जवळपास 0.22 मिलिमीटर. टूलरूमच्या कामात 0.02 सुद्धा डोळ्यांत खुपतो. म्हणून इथे कोन मोजायच्या भानगडीत पडत नाहीत. डायल लावतात, आणि डायलचा एक भाग 0.01 मिलिमीटरचा. या उपकरणाची नाळ घड्याळांशी आहे. अमेरिकेतल्या वॉल्थम या घड्याळांसाठी गाजलेल्या गावच्या जॉन लोगन यांनी 1883 साली अशा मापकाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. बारीक हालचाल दातेरी चाकांनी वाढवून काट्यावर दाखवायची, ही युक्ती घड्याळजीलाच सुचावी!

आता बसवणं. आधी टेबल आणि व्हाइसचा तळ पुसायचा, ऑइलस्टोन हलक्या हाताने फिरवून बर, म्हणजे धातूची वर आलेली कड, काढायची, आणि शेवटी उघडा तळहात फिरवायचा. कापडाला चुकलेली चिप हाताला सापडते. ती तळाखाली राहिली, तर व्हाइस एका अंगाला उचलला जातो आणि मग कितीही डायल फिरवा, जॉब तिरकाच.

हेड कलतं असेल तर ते आधी सरळ करून घ्यायचं. मग डायल स्पिंडलला किंवा हेडला पक्की बसवायची, स्पिंडल फिरू द्यायचा नाही, आणि टोक फिक्स जॉला टेकवायचं. फिक्सच! हलणारा जॉ आवळताना किंचित उचलतो, किंचित तिरपा होतो. त्याच्या साक्षीवर विसंबू नये. क्रॉस स्लाइड लॉक, काट्याला थोडा दाब, शून्य.

एका बाजूचा बोल्ट बेताचा आवळलेला, दुसरा जेमतेम टेकलेला. शून्य आवळलेल्या बाजूला लावायचं, टेबल दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं आणि काटा जेवढा सरकला तेवढा प्लास्टिकच्या हातोडीने टिचक्या मारत परत आणायचा. मग पहिल्या टोकाला परत. तिथलं शून्य हललेलं असतं, कारण व्हाइस बोल्टभोवती वळतो आणि बोल्ट डायल टेकलेल्या जागेच्या नेमका समोर नसतो. मी वैतागलो होतो. मेस्त्री चहा पीत होते. दोन-तीन फेऱ्यांत फरक विरत जातो, हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. व्हाइस मधोमध फिरणारा असेल तर हिशेब वेगळा: निम्माच फरक काढायचा, उरलेला निम्मा दुसऱ्या टोकाला आपोआप जातो.

वाचन नेहमी एकाच दिशेने सरकताना घ्यावं. टेबलाचा खेळ आवरणारी गिबपट्टी सैल असेल तर टेबल उलटं फिरताना अंग किंचित मुरडतं आणि काटा खोटं बोलतो. लिव्हर डायलचं टोक थोडं तिरकं लागलं, तर आकडा जरा चुकतो. पण आपल्याला आकडा नको असतो, काटा न हलणं हवं असतं, तेव्हा त्याची फार फिकीर नको.

काटा स्थिर झाला म्हणून मी हात पुसले आणि बोल्ट करकचून आवळले. मेस्त्रींनी पुन्हा डायल फिरवायला लावली. तीन भाग सरकला होता. आवळतानाही व्हाइस हलतो. म्हणून दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळायचे आणि शेवटी एकदा पाहायचं.

आता व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, तिरक्या व्हाइसलाही प्रोग्रॅममध्ये कोन देऊन सांभाळून घेता येतं. पण पाळी बदलली आणि ते कोणी लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या ऑपरेटरचा जॉब गेला. माझं मत जुनंच आहे: व्हाइसच सरळ लावा.

त्या दिवशी मला पाऊण तास लागला. हल्ली पाच मिनिटं लागतात, त्यातली तीन पुसण्यात जातात.