जालावरचा वर्ग आणि डोंगरातील शाळा

शिक्षणोपयोगी सामाजिक माध्यम म्हणजे शिक्षकाच्या देखरेखीखाली चालणारा असा वर्ग, की ज्यात त्याने दिलेल्या संकेतांकावाचून परक्यास मज्जाव असतो आणि गृहपाठ, शंका व शेरे यांचे दप्तर तारीखवार जतन होते. या प्रकारात अग्रणी ठरलेले, २००८ साली अमेरिकेत निघालेले ‘एडमोडो’ २०२२ च्या सप्टेंबरात बंद पडले; ‘गूगल क्लासरूम’ २०१४ पासून चालू आहे. व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक इतरांस दिसतो आणि कालचा पाठ आजच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. शिक्षणोपयोगी माध्यमात हे दोन्ही दोष टळतात.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, जेथे सावित्री नदीचे पूर व सह्याद्रीच्या दरडी पावसाळ्यात वाड्यावस्त्यांची वाट अडवितात, तेथे अशा साधनाची उपयुक्तता उघड आहे. परंतु जुलै २०२१ मध्ये महाड जलमय होऊन तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा रस्त्यांबरोबर वीज आणि मोबाइलची सेवाही खंडित झाली, हे विसरून चालणार नाही. म्हणून पाठ आगाऊ उतरवून ठेवण्याची सोय अगत्याची. शासनाच्या २०१७ सालच्या ‘दीक्षा’ ॲपमध्ये ती आहे, मात्र परस्पर चर्चेसाठी निराळे साधन लागते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. सबब प्रथम पालकसभा घ्यावी, एकच साधन निवडावे, आणि ज्या घरी स्मार्टफोन नाही तेथील मुलास तोच गृहपाठ कागदावर द्यावा.