यंत्र वाचून शिकते ते कसे?



तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकलात. आज दुसऱ्या एका नवशिक्याची हकीकत ऐका. हा नवशिका म्हणजे संगणक.

जगभरचे संगणक एकमेकांना जोडलेले आहेत. त्या जाळ्याला इंटरनेट म्हणतात. तिथे बातम्या, पुस्तके, माणसांचे लिखाण साठवलेले असते. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने तिथली मराठी वाक्ये गोळा केली. किती? सुमारे २ कोटी ४८ लाख! २०२२ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. अशी वाक्ये वाचायला देऊन त्यांनी संगणकाला मराठी शिकवले.

शिकवायची रीत आपल्या शाळेतलीच. गाळलेली जागा भरा! समजा, वाक्य आहे : 'आसनगावजवळ माहुलीचा किल्ला आहे.' त्यातला 'किल्ला' झाकायचा. संगणकाने तो ओळखायचा. आधी तो काहीबाही सांगतो. चुकला, की त्याच्या आतले आकडे थोडे बदलतात. असे लाखो वेळा झाले, की उत्तर बरोबर येऊ लागते.

पण तो काही माहुली चढलेला नाही. कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येतो, एवढेच त्याला ठाऊक. म्हणून तो फसतो.

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाने जानेवारी २०१० पासून 'नेल' नावाचा संगणक वाचायला बसवला. इंग्रजीत 'कुकी' म्हणजे बिस्किट. संगणकातल्या एका नोंदीलाही कुकीच म्हणतात. नेलने दोन्ही एकच मानले. संगणकातली कागदपत्रेही त्याने भट्टीतल्या खाऊत जमा केली! शेवटी माणसांनीच ती चूक सुधारली.

आता मोबाइलही प्रश्नांची उत्तरे देतो. ऐकायला हरकत नाही. पण भातावर औषध किती मारायचे, तापलेल्या पोराला गोळी किती द्यायची, हे त्याच्या भरवशावर करू नका. शेतकी खात्याच्या माणसाला विचारा, डॉक्टरला विचारा. चूक यंत्राची, पण नुकसान आपले.

आणखी एक गोष्ट. जे कोणी लिहिलेच नाही, ते यंत्र कुठून वाचणार? आपल्या रानातल्या भाज्या, भाताची जुनी वाणे, विहिरींची नावे म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. तुम्हाला आता लिहिता येते. एक वही करा. पुढे ती छापली गेली, तर यंत्रही वाचील. तोवर तुमची नातवंडे तरी वाचतीलच.