कोऱ्या कॅसेटवरचा कॉम्प्युटर
(घरातली यंत्रं : लेखांक ९)

गेल्या लेखांकात आरत्या-भजनांच्या कॅसेटी गावोगाव कशा पोचल्या ते आपण पाहिलं. त्याच कॅसेटने आणखी एक काम केलं, आणि ते आता फार थोड्यांच्या लक्षात आहे. १९८० च्या दशकात घरगुती कॉम्प्युटरला हार्ड डिस्क नसायची आणि फ्लॉपी ड्राइव्ह सहज परवडत नसे. बटण बंद केलं की तासन् तास बसून टाइप केलेला प्रोग्रॅम गेलाच. तो ठेवायचा असेल, तर घरच्या टेपरेकॉर्डरला वायर जोडायची आणि कोऱ्या कॅसेटवर रेकॉर्ड करायचा.

केंद्र सरकारने १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. घरांमध्ये नाव झालं ते स्पेक्ट्रमचं. ब्रिटनमधल्या सिंक्लेअर कंपनीने तो १९८२ साली काढला आणि पुढे परवाना घेऊन भारतात बनलेला ‘डीबी स्पेक्ट्रम’ही मिळू लागला. पेण किंवा रोह्यात असे कॉम्प्युटर थोडेच. पण इथल्या कितीतरी कुटुंबांचं एक पाऊल मुंबईत आणि एक गावात. मुंबईच्या खोलीत जे मावत नाही, ते गावच्या घरी येतं आणि माळ्यावर चढतं. म्हणून या कॅसेटींचा शोध घ्यायचा तो इथल्या माळ्यांवर.

अशी कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहा. आधी काही सेकंद एकसुरी शिट्टी वाजते, मग खरखरीत किंचाळी सुरू होते. शिट्टी म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली सूचना, की आता माहिती येते आहे. किंचाळी ही ती माहिती. स्पेक्ट्रमवर ‘शून्य’ आखूड लहरीने आणि ‘एक’ बरोबर दुप्पट लांब लहरीने लिहिला जाई. सेकंदाला सरासरी १५०० बिट, म्हणजे ४८ केची सगळी मेमरी भरायला साधारण साडेचार मिनिटं. प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी १७ बाइटची छोटी नोंद असे आणि तिच्यात नावाला दहाच अक्षरांची जागा. मुलांनी आपल्या प्रोग्रॅमची नावं या दहा रोमन अक्षरांत कशीबशी कोंबलेली असतात. ती पडद्यावर उमटताना पाहणं हा या छंदातला माझा सगळ्यात आवडता क्षण.

पाश्चात्त्य बाजारात कॉम्प्युटरसाठी खास आखूड कॅसेट निघत, दोन्ही बाजू मिळून १० किंवा १५ मिनिटांच्या. साध्या कॅसेटच्या सुरुवातीला काही सेकंदांचा पारदर्शक किंवा रंगीत तुकडा असतो, त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. खास कॅसेटींपैकी अनेकांत तो नसे, त्यामुळे टेप मागे नेऊन लगेच काम सुरू करता येई. आपल्याकडे मात्र दुकानात गाण्यांसाठी जी ६० मिनिटांची कॅसेट मिळे, तीच वापरात. कार्डावर गाण्यांऐवजी बॉलपेनने काउंटरचे आकडे लिहिलेले दिसले, तर ती कॅसेट गाण्यांची नाही हे ओळखावं. कोणता प्रोग्रॅम रिळात कुठे आहे हे सापडायला तेवढाच आधार होता. १२० मिनिटांच्या कॅसेटची टेप फार पातळ, ती ताणली जाते. म्हणून जाणते लोक तिच्यापासून लांब राहत.

आता पावसाकडे येऊ. रायगडात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माळ्यावरची दमट हवा चार-चार महिने हटत नाही. टेपच्या कडांवर बुरशीचे पांढरे ठिपके धरतात. गाण्याच्या कॅसेटला हे बरंचसं चालून जातं. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. एक मिलिमीटर खराब झाला, तर गाण्यातला सेकंदाचा पन्नासावा भाग गेला, कानाला पत्ताही लागत नाही. प्रोग्रॅमच्या बाबतीत त्याच एका मिलिमीटरवर तीसेक बिट असतात. स्पेक्ट्रमला चूक झाल्याचं कळतं, पण ती दुरुस्त करता येत नाही. चार मिनिटं थांबल्यावर पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’ येतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जगभर संग्राहक वेष्टन न फाडलेल्या कॅसेटींच्या मागे असतात. तशी कॅसेट देखणी असते, मान्य. पण कारखान्यातून लाखांनी निघालेली वस्तू आज ना उद्या कुठेतरी मिळते. एखाद्या नववीतल्या मुलाने १९८७ च्या सुट्टीत लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्रॅम जगात एकाच टेपवर असतो. माझ्या मते जपायची ती हीच, वापरलेली, खाडाखोड केलेली कॅसेट.

जपायची कशी ते सांगतो. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून रीळ बघा. पांढरे ठिपके दिसले, तर ती लगेच वाजवू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून साफ करता येते, चिकटवलेली असेल तर जाणकाराकडे द्या. वाळवायला उन्हात ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. टेपची कड खाली करून कॅसेट समोर धरली, की वर डावीकडे प्लॅस्टिकचा छोटा तुकडा दिसतो. तो मोडून टाका, म्हणजे त्या बाजूवर चुकून रेकॉर्डिंग होणार नाही. टेपला हेडवर दाबणारी फेल्टची गादी जागेवर आहे ना तेही पाहा. जुना गोंद सुकला की ती गळून पडते. वाजवण्याआधी टेप एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे न्या. आवाज अस्पष्ट येत असेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी किंचित फिरवा. आवाज सर्वांत धारदार येतो ती त्या टेपची जागा. मग लॅपटॉपमध्ये वेव्ह फाइल करून ठेवा. एमपी३ करू नका, त्यात नेमके लहरींचे बारकावे जातात. या आवाजातून प्रोग्रॅम परत काढणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

गणपती जवळ आले की पेण-रोह्याच्या घरांमध्ये साफसफाई निघते आणि माळ्यावरचं खोकं थेट भंगारवाल्याकडे जातं. यंदा ते देण्याआधी कॅसेटी बाजूला काढा आणि त्यांवरची कार्डं वाचा. गाण्याचं नाव नसलेली, नुसते आकडे लिहिलेली कॅसेट सापडली, तर ती ज्याची आहे त्या दादाला किंवा ताईला फोन करून विचारा. पुढच्या आठवड्यात फ्लॉपीविषयी.